वाघ दिसला तर कसं वाटेल? (१ ते ५ मध्ये सांगा)

तर झालं असं, की श्रावण लागायच्या जरा आधी भाच्याचा फोन आला. "मामा, एक गूगल फॉर्म बनवून द्या ना."

नातेवाइकांच्या लेखी आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांचे उपयोग ठरलेले असतात. लॅपटॉप कोणता घ्यावा, प्रिंटर का रुसलाय, आणि सरकारी फॉर्म भरताना वेबसाइट नेमकी शेवटच्या पानावरच का बसते. तेव्हा भरून नव्हे, तर चक्क बनवून मागितला म्हणजे आमची बढतीच झाली म्हणायची.

"कशाचा फॉर्म?"

"प्रोजेक्ट आहे. अभयारण्यास भेट देणाऱ्या पर्यटकांचा वन्यप्राणी-भेटीविषयीचा दृष्टिकोन : एक अभ्यास."

हे एवढं नाव त्यानं एका दमात म्हटलं, त्यावरून ते गाइडकडून किती वेळा दुरुस्त होऊन आलं असेल याचा अंदाज आला. अभयारण्य म्हणजे आमचंच, येडशीचं.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. धाराशिव (आमच्या शाळेच्या दाखल्यावरचं उस्मानाबाद) हा महाराष्ट्रातल्या सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, सोलापूर-धुळे हमरस्त्यावर येडशी लागतं. तिथं बालाघाटाच्या डोंगरात रामलिंग घाट अभयारण्य आहे. क्षेत्रफळ बावीस चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सकाळी चहा पिऊन सरळ चालायला लागलात, तर जेवायच्या वेळेपर्यंत जंगल संपतं. खाली घळीत रामलिंगाचं देऊळ, पावसाळ्यात शेजारी धबधबा, आणि बारा महिने माकडं. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला अडवताना जटायू इथंच पडला, असं आमच्याकडं मानतात. त्याची समाधीही दाखवतात. म्हणजे बघा, माणूस आणि वन्यप्राणी यांच्या भेटीचा आमचा इतिहास थेट रामायणापासून सुरू होतो. (पुढं जनावरांच्या डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामक औषधानं जटायूच्या अख्ख्या भाऊबंदकीची वाट लावली आणि २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आणावी लागली. पण तो वेगळा विषय.)

लहानपणी आमच्यासाठी हे अभयारण्य वगैरे काही नव्हतंच. रामलिंग म्हणजे सहल. डबा, पोहणं, माकडाला फुटाणे. वाघ फक्त चौथीच्या पुस्तकात.

आणि मग २०२४ च्या डिसेंबरात खरोखरचा वाघ आला.

अफवा नव्हे. वनखात्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यात त्याचा फोटोच आला. अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी ताडून पाहिल्यावर कळलं, की गडी यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून आलाय. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. वयात आलेला नर हद्द शोधायला बाहेर पडतो, आणि टिपेश्वर हे १४८ चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, तिथं आधीच गर्दी. याआधी २०१९ मध्ये टिपेश्वरच्याच एका वाघानं रेडिओ कॉलर गळ्यात घालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत अशी काही पायपीट केली होती, की एकूण हिशोब तीन हजार किलोमीटरच्या वर गेला. त्या मानानं आमचा पाहुणा जवळूनच आलेला. पण आमच्या जिल्ह्याला कित्येक दशकांत वाघ माहीत नव्हता. त्यात धाराशिव आणि शेजारच्या बार्शी तालुक्यात जनावरं मारली जायला लागली. २०२५ च्या जानेवारीत त्याला पकडून, कॉलर लावून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं. पथकं आली, आठवडेच्या आठवडे मागावर राहिली, आणि वाघ त्यांना गुंगारा देत राहिला.

हे सगळं मी पुण्यात, सातव्या मजल्यावर बसून वाचत होतो. गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यात आधी "धाराशिवकरांनो, अभिमान बाळगा!" असं लिहून खाली वाघाची तीन चित्रं टाकणारा महाभाग मीच. हे आत्ताच कबूल करून ठेवतो, कारण पुढं लागणार आहे.

तर, फॉर्म. भाच्यानं प्रश्न पाठवले होते. 'अभयारण्यात वन्यप्राणी दिसल्यास आपल्याला कसे वाटेल? (१ = अत्यंत वाईट, ५ = अत्यंत आनंद)'. 'वाघाचे अस्तित्व आपल्या जिल्ह्यासाठी महत्त्वाचे आहे. (१ = पूर्ण असहमत, ५ = पूर्ण सहमत)'. असे चौदा. मी अर्ध्या तासात देखणा फॉर्म करून दिला, वरती धबधब्याचा फोटो लावला, उत्तरांचा आपोआप आलेख निघेल अशी सोय केली. आणि म्हटलं, चल, श्रावणी सोमवारी गर्दी असते, मीही येतो. चार दिवस सुट्टी टाकली. (हापिसात कारण दिलं 'कौटुंबिक'. खोटं नव्हतं.)

सोमवारी सकाळी नऊला आम्ही मामा-भाचे गळ्यात ओळखपत्रं अडकवून पायऱ्यांच्या वरच्या अंगाला उभे राहिलो. पहिल्या तासाभरातच आलेख इतका सुंदर दिसायला लागला, की मला संशय यायला लागला. सगळे पाच. वाघ असावा का? पाच. वन्यप्राणी आवडतात का? पाच. जंगल वाचलं पाहिजे का? अहो हे काय विचारणं झालं, पाच! एका गुरुजींनी तर मुलांना रांगेत उभं करून सामुदायिक पाच लिहून दिले. लातूरहून बाइकवर आलेली पोरं होती, त्यांना विचारलं की वाघ समोर आला तर काय कराल. "व्हिडिओ काढणार!" सगळे एका सुरात. पाच.

एक आजी मात्र भाच्याकडं बघतच राहिल्या. "बाळा, मी महादेवाला आले. वाघाला कशाला भेटू?" याला किती गुण द्यायचे हे आम्हाला ठरवता आलं नाही. आजी पुढं निघून गेल्या.

मग एक ताई. हसतमुख, सुशिक्षित, चौदाच्या चौदा प्रश्न नीट वाचून भरले. वन्यप्राणी दिसल्यास : पाच. फोन भाच्याच्या हातात परत दिला आणि वळल्या, तेवढ्यात एका माकडानं त्यांच्या हातातली प्रसादाची पिशवी हिसकावली. त्या इतक्या जोरात किंचाळल्या, की अर्धी रांग मागं वळली. माकड वर जाऊन बसलं आणि नारळ फोडायच्या खटपटीला लागलं. ताई आमच्याकडं बघून म्हणाल्या, "याचा काहीतरी बंदोबस्त करायला नको का हो? लिहा तुमच्यात!"

आमच्यात लिहायला जागाच नव्हती. फॉर्म सबमिट झालेला होता.

खरी गंमत पुढं आहे. ज्यांना ज्यांना आम्ही 'माकडांना खायला घालणं योग्य आहे का' असं विचारलं, त्यातले बहुतेक 'अयोग्य' म्हणाले. म्हणताना काहींच्या हातात फुटाण्याच्या पुड्या होत्या. खोटं बोलत होते का? अजिबात नाही. ओळखपत्र लावलेला पोरगा समोर उभा राहिला, की माणूस पेपरात लिहायचं उत्तर देतो. तुम्ही-आम्ही अप्रेझलच्या फॉर्ममध्ये कंपनीच्या मूल्यांबद्दल जे लिहितो, तेच. आणि पुड्या विकणाराही तिथंच, घेणाराही तिथंच, फुटाण्याला सोकावून हातावर झडप घालायला शिकलेलं माकडही तिथंच. त्या ताईंची पिशवी कुणी पळवली? माकडानं. माकडाला कुणी शिकवलं? मोठ्ठा प्रश्न आहे, आणि तो चौदांत नव्हता.

दुपारी पाऊस आला आणि आम्ही आवरलं. संध्याकाळी आप्पांच्या वस्तीवर गेलो. आप्पा म्हणजे माझे चुलते. येडशीच्या अलीकडं, रानातच घर, दावणीला दोन म्हशी, एक गाय, आणि विहीर घरापासून चांगली लांब. जेवणं झाली. भाच्याला उत्साह फार, त्यानं आप्पांसमोर फोन धरला. "आप्पा, वाघ दिसला तर तुम्हाला कसं वाटेल? एक ते पाचमध्ये सांगा."

आप्पांनी विचार केला. चेष्टा नाही केली, खरंच विचार केला. मग म्हणाले, "दिवसा दिसला तर पाच लिही. रातच्याला एक."

"एकच लिहिता येतं, आप्पा."

"मग तुझा कागद चुकलाय."

यावर मी हसलो. मग आप्पा जे बोलले, त्यानं हसू थांबलं. म्हणाले, "वाघाचं काय म्हणणं न्हाई माझं. त्यो त्याच्या पोटापायी फिरतोय, मी माझ्या. पर थ्री फेज लाईट येती रातच्याला. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्री एक वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं कुणी? ते सांग. लाईट दिवसा द्या म्हणाव. मग वाघ बी राहू दे न् त्याची बायकू बी येऊ दे."

ज्यांना 'दारं धरणं' माहीत नसेल त्यांच्यासाठी : एका वाफ्यात पाणी भरलं, की खोऱ्यानं बांध फोडून ते पुढच्या वाफ्यात सोडायचं. गुडघाभर पिकात, चिखलात, खाली वाकून. शेतीची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की रात्री. वाघाचा माग काढणारे लोक सांगत होते अंधारात एकटं फिरू नका, वाकून काम करू नका. आणि विजेचं वेळापत्रक सांगत होतं, नेमकं तेच करा.

मी विचारलं, "आप्पा, त्या डिसेंबरात तुम्ही काय केलं?"

"काय करतोय? गेलो की. दोघं-दोघं मिळून जायचो. एकानं वाकायचं, दुसऱ्यानं बॅटरी धरून हुबं ऱ्हायचं. डबा वाजवायचा. एक दिवस माझं, एक दिवस त्याचं." मग जरा थांबून, "तू तवा ग्रुपवर वाघाचं चित्र टाकलं व्हतंस. बघितलं मी."

बास. एवढंच म्हणाले. रागावून नाही. पण सातव्या मजल्यावरचा तो 'अभिमान बाळगा' मला त्या क्षणी फार स्वस्त वाटला.

तर आता माझं म्हणणं. अभयारण्याच्या दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'वन्यप्राण्याबद्दल काय वाटतं' असं विचारलं, की आपण मत मोजतोय असं आपल्याला वाटतं. मोजलं जातं ते अंतर. संध्याकाळी गाडीत बसून घरी जाणाऱ्याचे पाच आणि रात्री एकला रानात जाणाऱ्याचा एक, या दोघांना वाघाबद्दल जे वाटतं त्यात फारसा फरक नाही. फरक आहे तो उत्तराची किंमत कोण देणार यात.

आपल्या धंद्यात हे रोज घडतं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला रिलीज करायचं का? मीटिंगमध्ये विचारलं तर सगळे उत्साही. मग त्या शनिवार-रविवारी ऑन-कॉल कोण आहे, रात्री दोनला कुणाचा फोन वाजणार आहे, त्याला विचारा. तो रिलीजच्या विरोधात नसतो हो! त्याला फक्त तीन गोष्टी हव्या असतात : बिघडलं तर मागं कसं यायचं, मदतीला कोण, आणि हे सोमवारी सकाळी करता येणार नाही का. आप्पांचं म्हणणं शब्दशः हेच आहे. वाघाच्या बाबतीत आप्पा ऑन-कॉल आहेत. आणि आम्ही सर्व्हे घेतला मीटिंगमधल्या लोकांचा.

मला माहीत आहे, यावर अभ्यासू मंडळी म्हणतील की हे काही नवीन नाही. बरोबर आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्टीफन केलर्ट या येल विद्यापीठातल्या संशोधकानं अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यातून त्यानं प्राण्यांकडं बघायच्या माणसाच्या नऊ-दहा तऱ्हा मांडल्या. कुणी सौंदर्य बघतो, कुणी उपयोग, कुणाला जीव लागतो, कुणाला भीती, कुणाला हुकमत गाजवायची असते, कुणाला काहीच पडलेलं नसतं. आणि या तऱ्हा एकाच माणसात एकत्र नांदतात. आपल्याकडं तर हे सांगायला संशोधकही नको. सह्याद्रीच्या कडेनं गावोगाव वाघोबाची ठाणी आहेत. शेंदूर लावतात, नवस बोलतात, आणि त्याच वाघोबाला 'आमच्या वाटेला जाऊ नको' म्हणूनही सांगतात. ही भक्ती की भीती? १ ते ५ मध्ये सांगा बरं.

भाषेतसुद्धा बघा. ताडोबाच्या जिप्सीत बसलेल्याला वाघ 'दर्शन देतो'. वस्तीजवळ तोच वाघ 'वावरतो', आणि बातमीत पोचेपर्यंत 'दहशत माजवतो'. वाघानं दोन्हीकडं एकच केलं : चालत गेला. क्रियापद ठरतं ते बघणारा कुठं बसलाय त्यावरून.

कुणी म्हणेल, मग चुकले चार आलेख, बिघडलं काय? बिघडतं. कारण लोकांना काय वाटतं, यावर पुढं निर्णय होतात. जुन्नरचं उदाहरण घ्या. २००१ च्या सुमारास तिथं उसात राहणाऱ्या बिबट्यांविषयी ओरड वाढली. लोकांना बिबटे नकोत, तर पकडा आणि लांब जंगलात सोडा, असं सुरू झालं. ऐकायला किती सरळ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा हिशोब मांडला. आधीची आठ वर्षं माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते २००१ ते २००३ या काळात सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या घरच्या वाटेला लागतो, नाहीतर तिथंच नवी कटकट सुरू करतो. पुढं त्यांनीच अकोले तालुक्यात कॅमेरे लावले, तेव्हा दिसलं की भरवस्तीच्या, ऊस-शेतीच्या त्या मुलखात बिबटे आणि तरस चांगल्या संख्येनं राहतात, आणि बहुतेक लोकांना त्यांचा पत्ताही नसतो. म्हणजे 'बिबट्या हवा की नको' हा प्रश्नच कुचकामी होता. तो होताच. विचारायला हवं होतं की पोरं संध्याकाळी कुठं खेळतात, शेळ्या रात्री कशात बांधता, कुत्री किती, उकिरडा कुठं.

आमच्याकडंही तसंच. आप्पांच्या शेजारच्या वस्तीवर एक कालवड गेली. कशानं गेली ते कधी ठरलंच नाही, कारण कुत्री ओढतील म्हणून त्यांनी सकाळीच ती लांब नेऊन पुरली. नियम असा, की घटना घडल्यापासून ४८ तासांत वनखात्याला कळवायचं, आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागचं हलवायचं नाही. मग गाय-म्हैस-बैल असेल तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातली कमी असेल ती रक्कम मिळू शकते. हे त्या माणसाला माहीतच नव्हतं. त्याच्या लेखी वाघाची किंमत एक कालवड, पूर्ण. आता त्याला 'वाघाचे अस्तित्व महत्त्वाचे आहे, सहमत/असहमत' विचारायला तोंड कुणाचं आहे?

हे सगळं मी परतताना गाडीत भाच्याला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, सगळं खरं. पण गाइडना लिकर्ट स्केल लागतो. आणि पर्यटकांचा प्रोजेक्ट आहे, शेतकऱ्यांचा नाही."

पोरगं बरोबर बोलत होतं. १९३२ साली रेन्सिस लिकर्टनं ही १ ते ५ ची पद्धत काढली ती काही उगाच टिकलेली नाही. शंभर माणसांची बडबड ताडून बघायची तर कुठंतरी आकडा लागतोच. नुसत्या आप्पांच्या किश्शांवर धोरण ठरवायचं म्हटलं तर आप्पांपेक्षा मोठ्या आवाजाचा कुणीतरी आपला किस्सा खपवून जाईल. शिवाय पर्यटकाचं मत कुचकामी आहे असंही मी म्हणत नाही. तोच पेपर वाचतो, तोच मत देतो, त्याच्या गाडीखालीच रात्री ससे-कोल्हे चिरडले जातात. फक्त त्याला त्याच्या हातात जे आहे ते विचारा. आज माकडाला काय दिलंत? खाऊचा कागद कुठं टाकलात? मागच्या वेळी जंगली प्राणी दिसला तेव्हा गाडी थांबवलीत की हॉर्न वाजवलात? 'काय वाटेल' याचं उत्तर प्रत्येकजण छानच देतो. 'काय केलं' याचं देताना माणूस जरा चाचरतो, आणि तिथंच कामाचं काहीतरी सापडतं. आणि शक्य असेल तर विचारूच नका, बाजूला उभे राहून बघा. आम्ही दोघं ओळखपत्रं काढून नुसते तासभर पायरीवर बसलो असतो, तर माकडांबद्दल चौदा प्रश्नांपेक्षा जास्त कळलं असतं.

मग आम्ही मधला मार्ग काढला. स्केल ठेवला, चौदाचे आठ प्रश्न केले. त्यात चार 'काय केलं'चे. आणि अभयारण्याला लागून असलेल्या वस्त्यांसाठी वेगळा फॉर्म, कागदावर, मोबाइलशिवाय. त्यात विचारलं : अंधारात घराबाहेर पडावं लागतं का, कशासाठी? जनावरं रात्री कुठं बांधता? जनावर गेलं तर कुणाला, किती वेळात कळवायचं, माहीत आहे का? आणि शेवटचा प्रश्न, वाघ इथं राहायचा असेल तर तुमच्याकडं काय बदलायला हवं? हा फॉर्म घेऊन देवळात नाही जायचं. रानात जायचं, माणूस मोकळा असेल तेव्हा. आणि उत्तरं कुणाकडं जाणार ते आधीच सांगायचं. कारण भाच्यानं पहिल्याच वस्तीवर कागद काढला, तर समोरून पहिला प्रश्न तोच आला होता : "हे लिहून घेऊन तुम्ही देणार कुणाला?"

गाइड काय म्हणाले विचारताय? म्हणाले, व्याप्ती वाढतेय, पण करून बघ. भला माणूस.

आप्पांच्या लाईटचं काम एका कॉलेजच्या प्रोजेक्टनं होणार नाही, हे मलाही कळतं. पण निदान कुठल्यातरी कागदावर वाघाच्या रकान्याखाली 'वीज दिवसा हवी' असं लिहिलेलं असेल. आत्तापर्यंत या दोन गोष्टी दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या फायलींत होत्या. आप्पांच्या डोक्यात त्या कायम एकच होत्या.

असो. पहिला प्रश्न मात्र आम्ही तसाच ठेवलाय. वाघ दिसला तर कसं वाटेल, १ ते ५. आप्पांच्या सांगण्यावरून खाली फक्त दोन ओळी केल्यात : दिवसा आणि रात्री. परवा पुण्यात परत आल्यावर तपासणी म्हणून पहिला फॉर्म मीच भरला. दोन्हीकडं पाच आले.

म्हणजे फॉर्म व्यवस्थित चालतोय.